वरवंटा शोधणाऱ्या बायका

किस्से साठायला काही लागत नाही. चार बायका एका पिकअपच्या मागं उभ्या राहिल्या की झालं. कांद्याच्या बराखीत खालचा एक कांदा ओढला की वरचे घरंगळत येतात, तसं आमचं आहे. एकीनं नुसतं "त्या दिवशी गं" म्हटलं की अख्खी गाडी हसायला लागते. मग बबन पुढून ओरडतो, "बायांनो, गाडी डुलतीया."

मी शकू. चौथी शिकलेली. बोरी बुद्रुकची आमची टोळी मजुरीवर जाते. द्राक्षाची विरळणी, कांद्याची लागण, टोमॅटोची तोडणी, जे असेल ते. टोळीची मुकादम मी. बबन हा गाडीवाला, गावातलाच, पोटानं आणि मनानं मोठा. टोळीत बायका पुष्कळ, पण डोंगराचे किस्से सांगायचे तर तिघीच पुरतात. मी, पारू आणि हिरा.

डोंगर तसा जन्मापासून समोर होता. पण वाफ्यात वाकलेल्या बाईला डोंगर दोन पायांमधून दिसतो, आणि तोही उलटा. सुलटा बघायला पन्नाशी यावी लागली.

*

पहिल्यांदा गेलो ते काम बुडालं म्हणून. नारायणगावच्या एका बागायतदारानं विरळणीला बोलावलं आणि गाडी अर्ध्या वाटेवर आल्यावर फोन केला, "आज नका येऊ, औषध मारलंय बागेला."

डबे बांधलेले. गाडीत डिझेल टाकलेलं. बबन म्हणाला, "मागं वळवू का?"

पारू म्हणाली, "घरी गेलं की धुणं हाय."

मी म्हणाले, "माझी म्हस हाय."

हिरा म्हणाली, "माझी जाऊ हाय."

बबननं तिघींची तोंडं आरशात बघितली आणि आणखी काही न विचारता गाडी जुन्नरच्या अंगाला लावली. त्या दिवशी शिवनेरी चढलो. वर जाऊन डबे सोडले. पारूनं खालच्या शेतांकडं बोट केलं आणि म्हणाली, "आगं, आपण एवढ्याशा वाफ्यात भांडतो व्हय?"

तेव्हापासून नेम पडला. बागायतदारानं ऐन वेळी नको म्हटलं की गाडी घरी जात नाही, डोंगराला जाते.

*

नेम पडला तशी बोलणीही सुरू झाली. घरी आमचे मालक म्हणाले, "तू चौथी शिकलेली. तुला किल्ल्यातलं काय कळतंय?"

मी म्हणाले, "किल्ले सगळे चौथीच्याच पुस्तकात असत्यात. तुमी दहावीपातूर गेला आन् इसारला. मी तिथंच थांबले, म्हणून माझ्या ध्यानात ऱ्हायलं."

तेव्हापासून डबा त्यांचा ते भरून घेतात.

*

वारसा बघायला लांब जावं लागतं असंही नाही. आमच्या नदीच्या काठाला एक पांढरी राख आहे. एकदा काही शास्त्रज्ञ लोक तिथं गुडघ्यावर बसून पिशव्या भरत होते. त्यातली एक बाई फार गोड बोलायची. तिनं सांगितलं, "मावशी, ही राख समुद्रापलीकडच्या ज्वालामुखीची आहे. माणसाला घरं बांधता येत नव्हती, तेव्हाची."

पारू तेव्हा पाण्यात पाय सोडून त्याच राखेनं तांब्या घासत होती. तिनं तांब्या उन्हात धरला, फिरवून बघितला.

"तरीच," ती म्हणाली. "दुकानातल्या पावडरीनं असा निघत न्हाई."

त्या बाई एवढ्या हसल्या की हातातली पिशवी सांडली. जाताना पारूच्या तांब्याचा फोटो घेऊन गेल्या. पारूचा घेतला नाही याचा राग पारूला अजून आहे.

*

आता हिराचं सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यापायी घडलं.

हिराचं माहेरचं घराणं मेंढरांमागचं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचा, कोकणात चारायचं, उन्हाळ्याच्या शेवटी परत वर यायचं. असंच वर येताना एका घाटाच्या तोंडाशी, खडकात खोदलेल्या पाण्याच्या टाक्याशेजारी हिरा जन्मली. पाचव्या दिवशी तिथंच आईनं पाचवी पुजली. बाळंतिणीच्या घरात पाटा-वरवंटा मांडून पुजतात. हिच्या आईला घर नव्हतं, पाटा-वरवंटा होता. तिनं खडकावरच पाटा मांडला, वरवंटा उभा केला, त्याला शेंदूर लावला. पहाटे कळपात बिबट्या शिरला. मेंढरं उधळली, कुत्री बोंबलली, उजाडायच्या आत बिऱ्हाड हललं. पाटा घोड्यावर चढला. वरवंटा राहिला.

"तुझ्या पायी माझा वरवंटा गेला," आई मरेपर्यंत ऐकवायची. घाट कुठला, ते मात्र तिला सांगता यायचं नाही. मेंढरांमागं चालणाऱ्या बाईला घाटाचं नाव कोण सांगत बसतंय? खूण एकच. वरवंट्याच्या एका टोकाचा टवका उडालेला होता. घोड्याची मेख ठोकताना आईनंच उडवलेला.

तो पाटा हिराकडं आहे. त्यावर बाजारचा वरवंटा आहे, तो डुगडुगतो.

आणि हिराला जाऊ आहे. शेवंताबाई, माहेर आळे. आळ्याच्या जत्रेला नवी साडी नेसून निघाली की दारात उभं राहून म्हणायची, "आमी चाललो बाई माहेरला. ज्यांना माहेर हाय त्यांनी जावं. वाटंवर जल्मलेल्यांनी वाटंकडं बघावं."

हिराचे आईबाप गेलेले, भाऊ नाही, गाव म्हणावं असं गाव नाही. मी शेवंताबाईला तिथंच सोलली असती, पण हिरा माझा हात दाबायची.

"थांब," म्हणायची. "आधी जागा घावू दे."

*

पाण्याची टाकी असतात किल्ल्यावर. म्हणून आम्ही किल्ले धरले. हिरा वर पोचली की बुरूज नाही, दरवाजा नाही, सरळ टाक्यावर. टाक्यामागचे दगड उलटेपालटे करायची, पारू आणि मी मदतीला.

एका किल्ल्यावर खालच्या वस्तीतली माणसं आमच्यामागं वर आली. एकजण दबक्या आवाजात म्हणाला, "मावशी, काय शोधताय?"

"वरवंटा," हिरा म्हणाली.

त्यानं दुसऱ्याकडं बघितलं. दुसऱ्यानं आणखी दबक्या आवाजात विचारलं, "सोन्याचा?"

"दगडाचा," हिरा म्हणाली. "मिरच्या वाटायचा."

"आसंल, आसंल," तो म्हणाला आणि डोळा मिचकावला. "आमी कुणाला सांगत न्हाई."

पुढच्या वेळी गेलो तर टाक्यामागं माणूस उभा मावेल एवढे खड्डे. मी वस्तीवर जाऊन सगळ्यांसमोर शिव्या घातल्या आणि तेच खड्डे त्यांच्याकडूनच बुजवून घेतले. बुजवताना तो डोळा मिचकावणारा हळूच म्हणतो कसा, "मावशी, घावला का तुमास्नी? खरं सांगा."

*

असे किल्ल्यांमागं किल्ले झाले. मग एकदा आमच्याच गावात, कांदा काढलेल्या रानात मेंढरं बसवली होती. रानाला खत व्हावं म्हणून शेतकरी धनगराला बोलावतात, त्यातलंच. म्हातारबाबा तंबाखू मळत बसले होते. मी त्यांना सहज सांगितलं की ही आमची हिरा, ही घाटात जन्मली, आणि आम्ही तिची जागा किल्ल्या-किल्ल्यावर शोधतोय.

बाबांचा मळता हात थांबला.

"किल्ल्यावर?" ते म्हणाले. "मेंढी काय राजाला भेटाया जाती व्हय?"

पारू हसली. बबन हसला. कुत्रंसुद्धा हसल्यासारखं वाटलं. हिरा, जिचा बाप, आजा, पणजा मेंढरांमागं चालले, ती जमिनीकडं बघत होती.

"जल्मभर कांदं लावलं की आसं व्हतं," ती म्हणाली.

त्या दिवसापासून किल्ले सोडले आणि घाट धरले.

*

घाटाच्या वाटा रानातल्या. आमच्याकडं उसात शिरताना कुणीही मोबाइल मोठ्यानं लावतं, म्हणजे बिबट्याला कळतं की माणसं आहेत. पारू तर झोपतानाही लावते. भीमाशंकरच्या अंगाला एका वाटेनं चाललो होतो, पारूच्या कमरेला मोबाइल आणि त्यात हिंदी मालिका फुल्ल आवाजात. सासू सुनेला घराबाहेर काढत होती.

पुढं काही माणसं गळ्यात दुर्बिणी अडकवून झाडाकडं तोंड करून उभी. एकानं ओठावर बोट ठेवलं. "काकू, प्लीज. आवाजानं पक्षी उडून जातात."

"बिबट्या बी जातो," पारू म्हणाली. "म्हणून तर लावलंय."

ती माणसं एकमेकांच्या जवळ सरकली. त्यांच्यातल्याच एकीनं विचारलं, "काकू, इथं आहे का बिबट्या?"

"आता न्हाई," पारू म्हणाली आणि पुढं चालायला लागली.

मागं वळून बघितलं तर दुर्बिणी गळ्यात तशाच, आणि सगळे आमच्यामागं येत होते. सासूनं सुनेला परत घरात घेईपर्यंत सोबत होते.

*

आंबेगावच्या बाजूला एका रिसॉर्टवर पाणी प्यायला थांबलो. तिथं अंगणात जातं, पाटा-वरवंटा, मुसळ, सगळं मांडून ठेवलेलं. मॅनेजरनं आमची लुगडी बघितली आणि त्याचे डोळे चमकले.

"मावशी, पाच मिनिटं जात्यावर बसता का? पाहुण्यांना फोटो काढायचेत."

हिरा तोवर पाट्यापाशी पोचली होती. वरवंटा उचलला, दोन्ही टोकं बघितली. "न्हाई. टवका न्हाई." खाली ठेवला. हे ती कुठंही करते. लग्नाला गेली तरी आधी त्यांच्या घरातला वरवंटा बघते.

मी मॅनेजरला म्हणाले, "जातं रिकामं फिरवत नसत्यात. दगडावर दगड घासतो, दोनी खराब व्हत्यात. नाचणी आण."

नाचणी आली. मी जात्याजवळ पाय पसरून बसले, खुंटा धरला आणि फोटो काढणाऱ्या पाहुणीला म्हणाले, "ये बाळा, समोर बस. एकटीनं वढायचं नसतं."

ती बसली. मग तिच्या नवऱ्याला वाटलं आपणही बघावं. मग दुसरी जोडी आली. मी कधी उठले ते कुणाला कळलं नाही. पाहुणे घामाघूम होऊन दळत होते, एकमेकांना "आता माझा नंबर" म्हणत होते. मॅनेजर फोटो काढत होता.

त्या पिठाच्या भाकरी झाल्या. पहिल्या भाकरी आम्ही खाल्ल्या. पाहुणीनं स्वतःच्या हातानं वाढल्या आणि विचारलं, "बरी झालीय का, काकू?"

"पीठ जरा जाडं हाय," मी म्हणाले. "उद्या सुदारंल."

*

घाट सापडला तो दिवस साधाच होता. आळ्याच्या शेतकऱ्यानं लागणीचं काम ऐन वेळी रद्द केलं, हिरा म्हणाली "पश्चिमेला घे," बबननं घेतली. घाटाचं नाव मी सांगत नाही. सांगितलं की उद्या तुम्ही रील काढायला जाल.

गाडी जिथं थांबते तिथून पुढं पायवाट. कडा आला. खाली कोकण, धुक्यात बुडालेलं. कड्याच्या अलीकडं खडकात खोदलेलं टाकं, त्यात निवळ पाणी. टाक्याशेजारी पत्र्याची शेड, घंटा, भगवं निशाण. आत उभा शेंदरी दगड, त्याला चांदीचे डोळे, हिरवी साडी नेसवलेली. पुजारी म्हणजे बारक्या चणीचा माणूस, कपाळभर गंध, बोलायला उत्सुक.

"या मावशी, या. जागृत देवस्थान हाय. लेकरू देणारी देवी हाय. लई जणींची वटी भरलीया तिनं."

हिरा दगडाकडं बघत उभी होती.

"किती जुनी म्हनायची?" मी विचारलं.

"आता काय सांगावं. माज्या आज्यानं बघितलंय सवताच्या डोळ्यानं. सांजंपातूर हितं मेंढरांचं बिऱ्हाड व्हतं. सकाळी आजा पाण्याला आला तर बिऱ्हाड गेल्यालं, आन् देवी उभी. आंगावर ताजा शेंदूर. कुणी आणली न्हाई, कुणी बशिवली न्हाई. रातोरात प्रगाटली."

पारूनं माझा दंड असा दाबला की आठवडाभर निळा होता.

हिरा पुढं सरकली, गुडघ्यावर बसली. शेंदराचे थर चढून दगड गुबगुबीत झाला होता, पण वरच्या टोकाला एका बाजूनं खपली उडाल्यासारखी खोलगट जागा होती. हिरानं तिथं अंगठा ठेवला. अंगठा बसला.

"हात नका लावू, मावशी," पुजारी म्हणाला. "तिथं राक्षसाचा बाण लागलाय देवीला."

"मेख ठोकताना लागलं आसंल," हिरा म्हणाली. पुजाऱ्याला काही कळलं नाही.

तिनं पिशवीतून डबा काढला. घरच्या पाट्यावर वाटलेला ठेचा होता. त्यातला बोटभर घेऊन तिनं देवीपुढं ठेवला.

"आवं, देवीला ठेचा?" पुजारी घाबरला. "गोडाचा निवद आसतो."

"ऱ्हाऊ द्या," हिरा म्हणाली. "तिच्या सवयीचा हाय."

बाहेर आल्यावर मी तिला बाजूला घेतलं. "हिरा, न्यायचा का? मी पुजाऱ्याला बोलण्यात गुंतवते, पारू पदराखाली घेती."

हिरानं माझ्याकडं असं बघितलं की मीच बारकी झाले.

"येडी का काय तू? आईच्या हातात मिरच्या वाटून वाटून झिजून गेली आसती. हितं बघ कशी बसलीया. हिरवी साडी नेसून."

मग ती टाक्यावर गेली, ओंजळीनं पाणी घेतलं, तोंडावर मारलं आणि लहान पोरीसारखी खिदळली. बबन गाडीपाशी उभा होता. त्यानं लांबूनच विचारलं, "घावलं का?"

"घावलं," हिरा म्हणाली. "टोळीला सांग, उद्याचा च्या माजा."

*

चैत्रात त्या देवीची जत्रा भरते. आजूबाजूच्या वस्त्या येतात, पाळणे येतात, भेळ येते. हिरानं नवी साडी घेतली, अंजिरी रंगाची. सकाळी निघताना दारात उभी राहिली आणि म्हणाली, "मी चालले जत्रंला."

शेवंताबाई ओसरीवर गहू निवडत होती. तिच्या सुनेला लग्नानंतर बरेच दिवस मूलबाळ नव्हतं, आणि लेकरू देणारी देवी आहे हे बबननं गावभर केलं होतं. वरवंट्याचं मात्र टोळीबाहेर गेलं नव्हतं. ती सूप ठेवून उठली. "आमाला बी न्या की गाडीत."

मला वाटलं हिरा आता तरी एक ठेवून देईल. हिरा म्हणाली, "बसा की, बाई. जागा हाय."

घाटावर ही गर्दी. शेवंताबाईनं सुनेला देवीपुढं वाकवलं, स्वतः आडवी पडून दंडवत घातला, अंगभर माती लावून घेतली. उठली तेव्हा पुजारी मोठ्या झोकात सगळ्यांना सांगत होता, मेंढरांचं बिऱ्हाड, सकाळ, ताजा शेंदूर, राक्षसाचा बाण. शेवंताबाई ऐकत होती. हिराच्या जन्माची आणि वरवंट्याच्या टवक्याची गोष्ट तिनं उभा जन्म ऐकली होती, टोमणा मारायला तीच तर वापरायची. ऐकता ऐकता तिची मान हळूहळू दगडाकडं वळली, मग टाक्याकडं, मग हिराकडं.

गर्दीतल्या एका शहरातल्या बाईनं हिराला विचारलं, "मावशी, तुम्ही कुठल्या गावच्या?"

"हितलीच," हिरा म्हणाली. "मी हितंच जल्मले. ह्या टाक्यापाशी."

पुजारी दुखावला. "मावशी, हितं कड्यावर कोण जल्मतंय? देवीफुडं तरी खोटं बोलू नका."

मी बाह्या वर केल्या. पण माझ्या आधी शेवंताबाई पुढं झाली. अंगाला माती, केस सुटलेले, आणि आवाज तोच, दारातला.

"ओ पुजारी. ती खोटं न्हाई बोलत. आदी ते नारळ घ्या आन् तिची वटी भरा. माहेरवाशीण हाय ती."